परिषदेला जायचं कोणी आणि न्यायचं काय?

प्रश्न : आमचं सार्वजनिक वाचनालय नोंदणीकृत न्यास आहे, सभासद २४०. पुण्यात स्वयंसेवी आणि सभासद-संस्थांची दोन दिवसांची परिषद आहे. प्रतिनिधी शुल्क माणशी ४,५०० रुपये, वर जीएसटी. कार्यकारिणीतले काही जण म्हणतात ही उधळपट्टी आहे. बाकीचे म्हणतात, अध्यक्ष नानांनी जावं, मान त्यांचा. तुमचं मत?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दोघांना पाठवायची संस्थेची ऐपत असेल तर नानांनी जरूर जावं. एकालाच पाठवायचं असेल तर जो वर्गणी गोळा करतो, पावत्या फाडतो, ऑडिटरसमोर बसतो त्याला पाठवा. जो ते काम रोज करत नाही त्याला तिथे विचारायला प्रश्नच सुचत नाहीत.

आधी कार्यकारिणीत ठराव घ्या : कोण जाणार, कशासाठी, खर्चाची मर्यादा किती. शुल्क संस्थेच्या खात्यातूनच भरा आणि बिल संस्थेच्या नावाने मागा. जाणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पैसे भरले आणि बिलावर त्याचंच नाव आलं, की ऑडिटला खुलासे देत बसावं लागतं. १८ टक्के जीएसटीचे माणशी ८१० रुपये होतात. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर ते परत मिळत नाहीत, म्हणून ठरावात ५,३१० धरा. हॉटेलचं बिलही बँकेतून द्या. एकाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली, तर आयकरात तो खर्च संस्थेच्या उद्देशासाठी झाला असं धरत नाहीत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख ठरली की लगेच तिकीट काढा.

खरी तयारी मात्र घरी करायची असते. निघण्याआधी सभासद नोंदवही उघडा आणि थकबाकीदार मोजा. समजा ७० निघाले. मग परिषदेत साधारण तुमच्याएवढी संस्था शोधून विचारा : वर्गणीची आठवण कधी देता, फोन कोण करतं, सगळ्यांची मुदत १ एप्रिललाच संपते की ज्याच्या-त्याच्या नोंदणीच्या तारखेला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. सगळी वर्गणी एप्रिलमध्ये आली की वर्षअखेरीच्या हिशेबात बुडालेल्या एकाच माणसावर सारा बोजा पडतो. पण तिथलं उत्तर जसंच्या तसं उचलू नका. शहरातल्या पगारदार सभासदाला एप्रिल चालतो. तुमच्याकडे कापूस विकला गेला की दिवाळीनंतर हातात पैसा येतो. मुदत तेव्हाची ठेवून बघा.

एकाच वेळी दोन सत्रं असली तर वर्गणी, हिशेब, कायदा यांना बसा. प्रेरणादायी भाषण सोडलं तरी चालेल. पडद्यावरच्या मजकुराचे फोटो सगळेच काढतात, नंतर कोणी उघडत नाही. चहाच्या वेळेत जास्त कळतं. कार्ड मिळालं की मागे दोन शब्द लिहा, ‘थकबाकी, नाशिक, फोन सोमवारी’ असे. चकचकीत कार्डावर बॉलपेन उठत नाही, म्हणून खिशात छोटी डायरी हवीच. परतल्यावर आठ दिवसांत बैठक घ्या, एक पानाचा अहवाल वाचा आणि तीन कामं नावानिशी, तारखेनिशी वाटून द्या.

प्रश्न : अशा परिषदेला कंपन्यांचे सीएसआर अधिकारी, म्हणजे कंपनीचा समाजकार्याचा निधी सांभाळणारे, तेही येतात. आमचा मुलींचा शिवणवर्ग आहे. सोबत मोठी फाइल न्यावी का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : फाइल नको, एकच कागद न्या. त्यावर नोंदणी क्रमांक, १२ए (संस्थेच्या आयकर सवलतीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराच्या सवलतीची), सीएसआर-१ चा (सीएसआर निधी घेण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक, गेल्या तीन वर्षांत किती मुली शिकल्या आणि त्यातल्या किती कमावत्या झाल्या, एवढंच. तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव सीएसआरच्या नियमातच मागितला आहे. कायद्याने कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं, म्हणून खानदेशात कारखाना असलेल्या कंपनीचा माणूस आधी गाठा. उभ्या-उभ्या पैसे मागू नका. प्रस्ताव कोणाला आणि कोणत्या महिन्यात पाठवायचा, ते विचारून घ्या.

निघण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१ चा, म्हणजे न्यासाच्या तिथल्या नोंदीचा, उतारा काढून विश्वस्तांची नावं तपासा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि नेमका तोच पुष्कळ संस्थांचा राहून जातो. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्ताचं नाव आणि अर्जावर नव्याची सही, एवढ्यावरून चांगला प्रस्ताव महिनोन्‌महिने अडकतो.