इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाउसेसचा, म्हणजे गावाबाहेरच्या सरदार-जमीनदारांच्या वाड्यांचा, पहिला खरा आर्किटेक्ट कोणाला म्हणावं?

माझं उत्तर: रॉबर्ट स्मिथसन. मी नॉटिंगहॅमला राहतो आणि त्याचं वुलटन हॉल माझ्या नेहमीच्या फिरण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे थोडं आपुलकीनेच लिहितोय.

स्मिथसन मूळचा गवंडी, दगडकामातला. १५६८ मध्ये राणी पहिल्या एलिझाबेथच्या प्रमुख गवंड्याचं शिफारसपत्र घेऊन तो आपल्या माणसांसह विल्टशरमधल्या लाँगलीट या घराच्या, सर जॉन थिन यांच्या कामावर आला. त्या काळी मोठं घर म्हणजे मालकाची हौस आणि गवंडी-सुतारांचा अनुभव, दोन्ही मिळून उभं राहायचं. नकाशा काढणारा वेगळा माणूस हवा, असं कोणाच्या मनातही यायचं नाही. लाँगलीटला बरीच वर्षं काढून तो १५८० मध्ये इकडे वुलटनला आला. इथले मालक सर फ्रान्सिस विलोबी यांचा पैसा कोळशाच्या खाणींतला. १५८८ पर्यंत टेकडीवर हे घर उभं राहिलं: चार कोपऱ्यांवर चार बुरूज, मधोमध उंच दिवाणखाना, आणि त्याच्या डोक्यावर सगळा मुलूख न्याहाळायला आणखी एक दालन. विलोबी पुढे कर्जात बुडाले. घर मात्र आजही तसंच ताठ उभं आहे, आत निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे.

पण मला विचाराल तर त्याची बुद्धी दिसते ती डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलमध्ये. १५९० ते १५९७ या काळात श्रूजबरीची काउंटेस बेस हिने ते बांधलं. आराखडा स्मिथसनचाच मानतात, त्याच्या कागदांत तसा एक नकाशाही आहे. तळमजल्यावर नोकरचाकर, पहिल्या मजल्यावर बेसच्या स्वतःच्या खोल्या आणि दुसऱ्या मजल्यावर दरबारी दालनं. जसजसा मजला चढतो तसतशा खिडक्या उंच होत जातात, कारण वरच्या दालनांचा मोठेपणा वाढत जातो. एवढी काच पेलायची कशी? धुराड्यांच्या नळ्या त्याने आतल्या भिंतींत घेतल्या, म्हणजे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. हे फक्त दगड हाताळलेल्या माणसालाच सुचू शकतं, असं मला मनापासून वाटतं. आतला दगडी जिनाही बघाच: रुंद, बुटक्या पायऱ्यांचा, वळत वळत थेट वरच्या दरबारी दालनापर्यंत नेणारा.

१५ ऑक्टोबर १६१४ रोजी, ७९ व्या वर्षी तो वारला. वुलटनच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिफलकावर ‘आर्किटेक्टर आणि सर्व्हेयर’ असं कोरलंय. गवंडी म्हणून आलेल्या माणसासाठी हा शब्द तेव्हा इंग्लंडमध्ये क्वचितच कोणी वापरत असे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या फलकावरूनच देतोय. मुलगा जॉनही याच धंद्यात आला, डर्बीशायरमधल्या बोल्सोव्हरचा छोटा किल्ला (लिटल कॅसल) त्याच्या नावावर सांगतात.

कधी आलात तर हार्डविकला दुपार कलल्यावर जा आणि पश्चिमेच्या अंगणात उभे राहा. उतरतं ऊन त्या सगळ्या तावदानांवर एकदम येतं.