वाचक विचारतात : वॅट जुळले, तरी वूफर करपला कसा?

प्रश्न : माझ्या गाडीतल्या 12 इंची सबवूफरच्या (खोल बासच्या स्पीकरच्या) खोक्यावर 1200 वॅट छापलंय, माहितीपत्रकात आरएमएस (सतत पेलणारी पॉवर) 300 आणि 4 ओहमच्या दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी). त्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून 2 ओहमला 300 वॅट आरएमएस देणारा मोनो ॲम्प लावलाय. गेन आणि बास बूस्ट फुल आहेत. आवाज वाढवला की जळका वास येतो. ॲम्प तर छोटाच आहे ना?

उत्तर : नाही. 1200 हा क्षणभराच्या झटक्याचा आकडा, तो सोडून द्या. आरएमएस 300 ला 300, ओहमही बरोबर. तुमची जुळणी चांगली आहे. चुकलाय तो गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. म्युझिक सिस्टीमच्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ घालायला तो असतो. तो फुल केला की सिग्नलच्या लाटांचे माथे छाटले जातात आणि अशा सपाट लाटेतून 300 वॅटचा ॲम्प कॉइलमध्ये जवळजवळ 600 पर्यंत ओतू शकतो. त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते आणि कॉइलचं इन्सुलेशन करपतं. वास त्याचाच. बूस्ट तर त्याहून घातक : 6 डेसिबल वाढवले की तेवढ्या पट्ट्यात चौपट पॉवर लागते. ती आणायची कुठून?

आधी वूफर तपासा. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबा. खरखर जाणवली तर कॉइल गेली असं समजा. 4 ओहमची चांगली कॉइल मीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवते, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका.

मग गेन लावा. बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा) सर्वात वर. वूफरच्या वायरी ॲम्पवरून सोडवा. गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवा. 50 हर्ट्झचा, 0 डेसिबलचा टेस्ट टोन लावा, सिस्टीमचा आवाज पाऊणावर. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. 300 वॅट गुणिले 2 ओहम म्हणजे 600, त्याचं वर्गमूळ 24.5. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत 24.5 व्होल्टला थांबा. मग वायरी जोडून लो-पास 80 हर्ट्झच्या आसपास आणा. बूस्टला पुन्हा हात लावू नका.

प्रश्न : असाच दुसरा वूफर त्याच ॲम्पला पॅरलल जोडला, तर दणका वाढण्याऐवजी ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो).

उत्तर : चारही कॉइल पॅरलल केल्यात, म्हणजे भार 1 ओहम झाला. तुमचा ॲम्प 2 च्या खाली चालणारा नाही. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सीरिजमध्ये (एकीमागे एक) घ्या, 8 ओहम होतील. मग दोन्ही वूफर पॅरलल करा, 4 ओहम. पॉवर 300 पेक्षा कमी मिळेल, पण ॲम्प टिकेल. नेमके 2 ओहम हवे असतील तर 2 ओहमच्या दुहेरी कॉइलचे दोन वूफर लागतात.

प्रश्न : प्रत्येक बीटला हेडलाइट मंद होतात. कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून देणारा भाग) लावू का?

उत्तर : आधी वायर आणि अर्थ पाहा. क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प 500 वॅट आरएमएस देताना साधारण 45 अँपिअर ओढतो. त्याला शुद्ध तांब्याची 4 गेज (जाडीचं माप) वायर हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर आणखी जाड. अर्थचा बोल्ट रंग पूर्ण खरवडून चकचकीत पत्र्यावर कसा. गाणी मोठ्याने लावून बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत डीसी व्होल्ट मोजा, तसंच दोन्हीकडच्या मायनसमध्येही. कुठेही अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर दोष त्याच बाजूला. मेन फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत असू द्या. तो ॲम्पसाठी नाही, वायर पेटू नये म्हणून असतो.