नीटचा निकाल अजून घरातच

(पत्राचा सारांश : मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. नीट दोनदा हुकली होती. आता ‘सेंद्रिय गट जोडलेले धातू-ऑक्साइड क्लस्टर : संश्लेषण आणि जैविक क्रियाशीलता’ या विषयावर पीएच.डी. करायला एक सर तयार आहेत. ‘औषधाचा विषय आहे, नावापुढे डॉक्टरही लागेल. पण ती टाळाटाळ करते. तिला समजवा.’ – एक वडील, इचलकरंजी)

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ चार वेळा आलंय. मुलीचं म्हणणं एकदाही नाही. नीट हुकून पाच वर्षं झाली. पोरीनं बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. होत आली, आणि तुमच्या घरात अजून तोच निकाल चालू आहे. पीएच.डी. ही एमबीबीएसची भरपाई नव्हे, साहेब. त्या हिशेबानं ढकललेली मुलं तिसऱ्या वर्षी गाइडचे फोन घेईनाशी होतात.

आणि हा विषय ‘औषधाचा’ नाही. ‘जैविक क्रियाशीलता’ या दोन शब्दांवर फार जण भाळतात. बशीतल्या पेशी ब्लीचनंही मरतात! या क्लस्टरांपैकी, म्हणजे धातू आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या पुंजक्यांपैकी, एचपीए-२३ हे अँटिमनी-टंगस्टनचं संयुग एड्सच्या विषाणूचं एक एन्झाइम परीक्षानळीत रोखायचं. १९८०च्या दशकात पॅरिसमध्ये ते रुग्णांना दिलं गेलं, हॉलीवूडचा रॉक हडसनही त्यासाठी तिथे गेला. रुग्णांना फायदा झाला नाही, प्लेटलेट मात्र उतरल्या. शिवाय यातले बरेच क्लस्टर आम्लात टिकतात, रक्ताच्या किंचित अल्कधर्मी, ७.४ पीएचला त्यांचे तुकडे पडतात. सेंद्रिय गट जोडायची खटपट आहे ती क्लस्टरचं वागणं आपल्या हातात यावं म्हणून. मधे मँगनीज, भोवती सहा मॉलिब्डेनम अशी एक चकती असते. तिच्या दोन्ही अंगांना ‘ट्रिस’ हा छोटा सेंद्रिय रेणू बसवला की अमाइनचे (नायट्रोजनवाल्या गटाचे) दोन हात मोकळे राहतात, त्यांना पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, अडकवता येतं. सुंदर रसायनशास्त्र आहे, पण गोळीपर्यंतची वाट फार लांब. पेशींवरची चाचणी तर पुष्कळदा दुसऱ्याच लॅबमध्ये होते.

नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर महिना ३७,००० रुपये. गेट, पेट वगैरे परीक्षांचं तिला तुमच्याहून जास्त माहीत असणार.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय : ‘प्रोजेक्टला तीन आठवडे नुसती बाटलीत खडे धरायची वाट बघत बसली.’ अहो, या विषयात पाच वर्षं मुख्यतः हेच करायचं असतं! स्फटिक धरला तर एक्स-रे, एक्स-रे झाला तर रचना कळणार. नाही धरला तर द्रावक बदला, पुन्हा बसा. तेव्हा ती कंटाळली होती, की रोज सकाळी आधी जाऊन बाटली बघायची? दुसरं असेल तर क्लस्टर तिचेच आहेत, मग औषध सोडून उत्प्रेरकांवर काम केलं तरी चालेल. कंटाळली असेल तर त्या सरांना आजच नाही कळवा.

याचं उत्तर तुम्ही देऊ नका. तिला मला दोन ओळी लिहू द्या, आणि पाठवण्याआधी त्या वाचायला मागू नका.