तुमचे प्रश्न : विधान आणि गृहीतक, दोन्ही पर्याय खरेच वाटतात तेव्हा

प्रश्न : मॅडम, मी बँकेची आणि यूपीएससीची तयारी एकत्र करतेय. गणित बरं जातं, पण विधान-गृहीतक (एक विधान देतात आणि खालच्या पर्यायांपैकी कोणतं त्यात न बोलता धरलंय ते विचारतात) आलं की अडतेच. दोन्ही पर्याय वाचते, दोन्ही खरे वाटतात म्हणून 'दोन्ही'वर टिक करते आणि आन्सर की म्हणते 'फक्त पहिलं'. नेमकं चुकतंय कुठं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : 'खरे वाटतात' असं तूच लिहिलंयस बघ, गोची तिथंच आहे. पर्याय खरा आहे का हे पेपर विचारतच नाही गं, तो विचारतो की बोलणाऱ्यानं हे मनात धरलं नसतं तर त्याचं म्हणणं टिकलं असतं का.

आपलंच उदाहरण घे. विधान असं : 'ही चादर सोलापूरची आहे, म्हणून ती टिकाऊ असणार.' पर्याय तीन. पहिला, सोलापूरच्या चादरी टिकाऊ असतात. दुसरा, सोलापूर सोडून कुठंच टिकाऊ चादर बनत नाही. तिसरा, सोलापुरी चादरीला जीआय टॅग (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालाय. आपल्या गावच्या पोरांचा हात आधी तिसऱ्यावर जातो, कारण ते खरंच आहे आणि अभिमानाचंही आहे! पण टॅग नसता तरी बोलणाऱ्याचं वाक्य तसंच राहिलं असतं, म्हणजे ते वाक्य टॅगवर टेकलेलंच नाही. दुसरा पर्याय गरजेपेक्षा खूप जास्त बोलतो, पानिपतला टिकाऊ चादर बनत असेल तर बनू दे, त्यानं या चादरीचं काय बिघडतं? राहिला पहिला. तो उलटा करून बघ, सोलापूरच्या चादरी काही टिकाऊ नसतात, आणि लगेच 'म्हणून' या शब्दाखालचा आधारच गेला. हेच गृहीतक.

म्हणजे टेस्ट एकच, पर्याय उलटा करायचा आणि विधान पडतं का बघायचं. पण उलटा करतानाच निम्मी मुलं चुकतात म्हणून इथं जरा थांबते. 'सगळे येतील' याच्या उलट 'कुणीच येणार नाही' असं नसतं, 'सगळे येणार नाहीत' एवढंच असतं, एक जण जरी घरी बसला तरी झालं. आणि 'काही जण येतील' याच्या उलट मात्र 'एकही येणार नाही'. आता हे लावून बघ : 'गड्ड्याच्या यात्रेत जादा सिटी बस सोडा म्हणजे गाड्यांची गर्दी कमी होईल.' गृहीतक काय, 'गाडी घेऊन येणारे काही लोक तरी बसनं येतील'. उलट केलं की गाडीवाला एकही माणूस बसमध्ये चढत नाही, मग गर्दी कमी कशी होणार, विधान पडलं. पण 'सगळे बसनंच येतील' हे उलटं केलं तर थोडे लोक गाडीनं येतात, तरी गर्दी कमी होऊ शकतेच, म्हणजे हे गृहीतक नाही.

आणखी एक, निष्कर्ष आणि गृहीतक यांची गल्लत करू नकोस. निष्कर्ष विधानातून पुढं निघतो, गृहीतक विधानाच्या आधीच धरलेलं असतं. आपल्याकडच्या मीमांसकांचं, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या पंडितांचं, जुनं उदाहरण आहे, देवदत्त जाडजूड आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असणार. याला ते अर्थापत्ती म्हणतात. यात रात्रीचं जेवण हा निघालेला निष्कर्ष झाला, आणि न लिहिता धरलेलं वाक्य कुठलं, तर 'न जेवता कुणी जाड राहत नाही'. मला हे उदाहरण फार आवडतं कारण दोन्ही गोष्टी एकाच ओळीत वेगवेगळ्या दिसतात.

प्रश्न : क्लासमध्ये सांगितलंय की पर्यायात 'फक्त', 'सर्व', 'कुठलाही', 'कधीच' असे शब्द आले की डोळे झाकून काट मारायची. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बऱ्याचदा चालतं पण डोळे झाकून अजिबात नको. हे विधान बघा : 'सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट मिळालं नाही, आता उद्या सकाळी मुंबईत पोचणं शक्य नाही.' पर्याय आहे, 'सिद्धेश्वर सोडून दुसऱ्या कुठल्याही साधनानं उद्या सकाळपर्यंत मुंबईला पोचता येणार नाही.' शब्द केवढा टोकाचा आहे, तरी उलटा करा, एखादी ट्रॅव्हल्स किंवा कुणाची कार सकाळपर्यंत पोचवते, की बोलणारा गप्पच बसेल. म्हणजे हे गृहीतक पक्कं. विधानच टोकाचं असलं तर त्याच्याखाली टोकाचंच गृहीतक लागणार ना, त्यामुळे आधी विधान किती जोरात बोलतंय ते बघा आणि मग पर्यायाचं माप काढा.

अशीच गंमत कारण-परिणामात होते. 'त्यानं क्लास लावला, मार्क वाढले, म्हणजे क्लासमुळेच वाढले.' इथं लपलेलं वाक्य आहे 'पेपर मागच्या वेळेपेक्षा सोपा नव्हता'. वाचताना ते विषयाबाहेरचं वाटतं आणि मुलं सोडून देतात, पण उलटं केलं की पेपरच सोपा होता, क्लासचं श्रेय डळमळलंच की. असे 'दुसरं कारण नव्हतं' सांगणारे पर्याय मला सगळ्यात अवघड वाटतात, त्यांचा वेगळा सराव करा.

प्रश्न : सीसॅट (यूपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर) नुसता पास व्हायचा पेपर, त्यात या प्रश्नांना वेळ द्यावा का? सराव कशावरून करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : द्यावा. २०११ ला सीसॅट आला, २०१५ पासून तो पात्रतेपुरता झाला हे खरं, पण ३३ टक्के म्हणजे २०० पैकी निदान ६६ मिळवावेच लागतात, नाहीतर पहिल्या पेपरात कितीही मार्क असले तरी उपयोग नाही. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क आणि चुकलं की एक तृतीयांश कापले जातात. उताऱ्याखाली गृहीतकं विचारतात तिथं उत्तराचे पर्याय बहुतेक 'केवळ १', 'केवळ २', 'दोन्ही', 'एकही नाही' असे असतात, म्हणजे एक बरोबर आलं आणि एक चुकलं तरी प्रश्न गेलाच. सरावाला आयोगाचेच जुने पेपर घ्या, वेबसाइटवर उत्तरांसकट मिळतात. गाईडमधली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत कधीकधी, त्यात डोकं घालवू नका. आणि घड्याळ लावायच्या आधी थोडे दिवस प्रत्येक पर्यायाचं उलटं वाक्य वहीत पूर्ण लिहा, मनातल्या मनात केलं की 'काही' आणि 'सगळे' हमखास घसरतात.