लेकरांचे डोळे कुठं जातात ते बघ

अरे, अपूर्णांकांचा तुझा व्हिडिओ पाहिला. आवाज छान, पण चेहरा मोठा आणि आकृती कोपऱ्यात. लेकरं तुलाच बघत बसणार. आमच्या परभणीकडच्या शाळेत मी टीव्हीकडं पाठ करून लेकरांच्या नजरा बघायचो. पडद्यावर ज्वारीच्या भाकरीचे चार तुकडे, मी सांगतोय तिसऱ्याचं, आणि नजरा चारही तुकड्यांवर भिरभिरतायत! मग नाव घेतलं त्याच क्षणी तो तुकडा पिवळा केला. नजरा तिथंच थांबल्या. अमेरिकेतले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधनही हेच सांगतं. बोलतोस तेच वाक्य पडद्यावर लिहू नकोस, वाचण्यात आकृती सुटते. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंच्या २०१४ च्या अभ्यासात बघणाऱ्यांचं लक्ष जेमतेम ६ मिनिटं टिकलेलं दिसलं, म्हणून त्याआतच आटप. पुढचा व्हिडिओ आधी दोन लेकरांना दाखव. तू मात्र त्यांच्याकडंच बघ.