निचऱ्याच्या पाइपातून युरिया जातो का?

प्रश्न : क्षारपड रानात दोन वर्षांपूर्वी सच्छिद्र पाइप घातले. सुरू ऊस (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेला) जोमात आहे. मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) एकरी चार पोती युरिया विस्कटून लगेच भरपूर पाणी पाजले. पाइपाचे पाणी ओढ्यात पडते, ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी लोक पितात. खत तिकडे जात असेल का? – एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

उत्तर : जाते, आणि निचरा सुधारल्यावर जास्तच जाते. पाणथळ रानात हवा नसल्याने जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. पाइप घातल्यावर मातीत हवा खेळते. युरियाचे अमोनियम आणि अमोनियमचे दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट होते. अमोनियमला काळी माती धरून ठेवते, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते. रानाला भेगा असतील तर विरघळलेला युरियाच भेगेतून थेट पाइपापर्यंत उतरतो.

हिशेब पाहा. एकरातून १०० मिलिमीटर पाणी पाइपाने गेले, म्हणजे सुमारे ४ लाख लिटर. त्यात लिटरमागे ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर ८ किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे साडेसतरा किलो युरिया ओढ्यात गेला. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढचे पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये. उकळून नायट्रेट जात नाही.

सुरू उसाला एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातले ४० टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे युरियाची ४५ किलोची जेमतेम दोन पोती. तुम्ही दुप्पट घातले, तेही पावसाच्या तोंडावर. पुढच्या वेळी खत सरीच्या बगलेला देऊन मातीआड करा, मग हलके पाणी द्या. खोडव्याला पहारीने १५ सेंटिमीटर खोल घाला. ठिबक असेल तर दर आठवड्याला थोडे थोडे सोडा.

पाइपाच्या तोंडाचे पाणी खतापूर्वी एकदा आणि नंतर ३, ७, १४ दिवसांनी नायट्रेट पट्टीवर तपासा. पट्टी ‘नायट्रेट नत्र’ (नायट्रेटमधले फक्त नत्र) दाखवत असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणा, नाहीतर फसगत होते. विहिरीचा नमुना मात्र प्रयोगशाळेत द्या, पट्टीवर विसंबू नका.

पाइपाच्या तोंडाला एल्बो (काटकोनी जोड) आणि उभा पाइप लावून रानातली पाणीपातळी थोडी वर धरली, तर नायट्रेट कमी जाते. पण मातीची क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली येईपर्यंत हे करू नका, खालचे क्षार परत वर चढतील. पावसाळ्यात तोंड पूर्ण उघडे ठेवा.