अल्सर फुटून तातडीचं ऑपरेशन झालं, वडिलांना उद्या घरी आणायचंय. काय काळजी घ्यावी?

वडील 62 वर्षांचे, लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला, पोट उघडून शिवलं आणि आठव्या दिवशी डिस्चार्ज, असं तुम्ही लिहिलंय. तयारीला एकच दिवस आहे, म्हणून आधी घरातला औषधांचा डबा उपसा.

गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या (डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक) बाहेर काढा. असे अल्सर होण्यामागे बऱ्याचदा ह्याच असतात. ‘साधी पॅरासिटामॉल’ म्हणून आणलेल्या गोळीतही पुष्कळदा जोडीला ॲसिक्लोफिनॅक असतं, तेव्हा स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचाच. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका, सुरूही नको. कधी सुरू करायची ते सर्जनकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ॲसिडिटीची गोळी, बहुधा पँटोप्राझोल, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. एच. पायलोरीची (अल्सर करणारा पोटातला जंतू) अँटिबायोटिक्स दिली असतील तर तोंड कडू झालं, मळमळलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. अर्धवट कोर्सने जंतू उरतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही.

पलंगावरून सरळ उठू देऊ नका. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपर टेकून वर. खोकताना पोटावर उशी घट्ट धरायची. फुफ्फुसाच्या व्यायामाच्या तीन छोट्या चेंडूंच्या यंत्रात (स्पायरोमीटर) फुंकर मारायची नसते, हवा आत ओढायची असते. पुष्कळ लोक उलटंच करतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा. घरी भारतीय संडास असेल तर सर्जिकलच्या दुकानातून कमोड खुर्ची भाड्याने आणा, कारण उकिडवं बसताना आणि उठताना पोटावर ताण येतो. सहा आठवडे 4-5 किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली 15 किलोच्या पुढे जाते, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

जखमेवर हळद, पावडर, तेल काही नको.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. जखम वरून कोरडी दिसत असताना अचानक गुलाबी पाणी येऊन ड्रेसिंग चिंब झालं, तर आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. पहिल्या दोन आठवड्यांत हे होऊ शकतं. ड्रेसिंग बदलून वाट बघत बसू नका. गुडघे वाकवून उताणं झोपवा, तोंडाने काही देऊ नका, 108 ला फोन करा. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका. सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा.

100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, पू, सतत उलट्या, डांबरासारखी काळी शी, एकाच पोटरीला सूज किंवा एकदम धाप लागणं, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली तर थेट 108.

खाणं मऊ, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा: मुगाचं वरण-भात, अंडं, दही. तंबाखू, मिश्री, विडी बंद.

निघण्यापूर्वी कार्डावर टाके काढायची तारीख आणि रात्री उचलला जाईल असा वॉर्डचा नंबर आहे ना, बघा. एच. पायलोरी गेला का ही तपासणी अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी होते. त्याआधी ॲसिडिटीची गोळी 2 आठवडे थांबवावी लागते, पण कधी थांबवायची ते सर्जनना विचारूनच.